आधी चालती, मग देखणी

कराडहून एका वाचकाचं चार पानी पत्र आलंय. नाव छापू नका म्हणालेत, तेव्हा छापत नाही. पत्र बरंच कापून देतो आहे:

"२०२१ च्या ऑक्टोबरात मी चिपळूणहून १९७९ ची प्रीमियर पद्मिनी घेतली. त्या जुलैच्या पुरात ती टपापर्यंत पाण्याखाली होती आणि मालकांना ती अंगणातून हलवायचीच होती. टेम्पोवर चढवून कुंभार्ली घाटातून घरी आणली. माझे वडील मुंबईत गिरणीकामगार. ८२ च्या संपानंतर त्यांनी टॅक्सीचा बिल्ला काढला आणि पुढची अठरा वर्षं रात्रपाळीला दुसऱ्याची पद्मिनी चालवली. स्वतःची गाडी काही झाली नाही. २०१९ मध्ये ते गेले. गाडी आल्यावर पहिल्या दोन महिन्यांत मी ती स्क्रू न् स्क्रू खोलली. आज चार वर्षं झाली. बॉडी पेंटरकडे, इंजिनाचा ब्लॉक कोल्हापुरात उद्यमनगरात, बाकी सगळं शेडमध्ये बावीस खोक्यांत. पेंटर रंग कोणता म्हणून विचारतो आणि माझं ठरत नाही. मेकॅनिक म्हणतो, जुनं इंजिन सोडा, मारुतीचं टाका. सात महिने झाले, शेडचं कुलूप काढलेलं नाही. रात्री मोबाइलवर दुसऱ्यांच्या चकाचक गाड्या बघतो आणि आणखी खचतो. बायको म्हणते, 'पुरी करा नाहीतर भंगारात घाला, पण दर रविवारी तोंड पाडून बसू नका.' चोर बाजारातून टॅक्सीचा जुना मीटर मात्र हौसेने आणलाय, तो शोकेसमध्ये आहे. उत्साह परत कुठून आणू? की विकून मोकळा होऊ?"

सप्रेम नमस्कार.

इंजिन उद्यमनगरात आणि मीटर शोकेसमध्ये, हे वाचून मी मोठ्याने हसलो. राग मानू नका. माझ्या यझदी मोटारसायकलचं इंजिन पोत्यात होतं, तेव्हा मी तिच्या टाकीवर लावायचा पितळी बिल्ला रोज रात्री ब्रासोने घासत होतो. हा रोग माझ्या परिचयाचा आहे.

तुमचा उत्साह गेला असं तुम्ही चार ठिकाणी लिहिलंय. मला पत्रात वेगळंच दिसतं. उत्साह जागेवर आहे, गाडी गेलीय. चिपळूणहून आणलीत तेव्हा ती पुरात बुडालेली, गंजलेली, पण गाडी होती. दार उघडत होतं, स्टिअरिंगमागे बसता येत होतं, डोळे मिटून स्टिअरिंगच्या दांड्यावरचा गिअर टाकता येत होता. दोन महिन्यांत तुम्ही ती अशी खोललीत की आता शेडमध्ये आहेत ती खोकी. खोक्यांवर कुणाचा जीव जडतो? चार वर्षं तुम्ही पैसे, रविवार आणि बायकोची बोलणी त्यात घालताय, आणि त्या बदल्यात त्या सामानाने तुम्हाला एकदाही 'खट्' असा आवाज दिलेला नाही. देवसुद्धा एवढ्या कोरड्या भक्तीवर टिकत नाही.

माझी गोष्ट थोडक्यात सांगतो, कारण चूक तीच आहे. मैसूरच्या कारखान्यात बनलेली यझदी, किक आणि गिअरला एकच दांडा असलेली. दिवाळीच्या चार सुट्ट्यांत मी ती पूर्ण उघडली. मग वाटलं, आधी फ्रेम सुंदर करून घेऊ, म्हणजे हुरूप येईल. काळा चकचकीत रंग मारून घेतला, जुन्या दुलईत गुंडाळून ठेवली. दीड वर्षाने इंजिन बसवायला गेलो तर इंजिनाचं एक भोक रेषेत येईना. आधीच्या कुणा मालकाने फ्रेमचा इंजिन धरणारा कान वेल्डिंग करून वाकडा बसवला होता आणि नव्या रंगाखाली तो मला दिसलाच नव्हता. फ्रेम पुन्हा कापली, पुन्हा जोडली, आणि त्या आगीत माझा आरशासारखा रंग वीतभर करपला. त्यानंतर चौदा महिने मी त्या खोलीत गेलो नाही. तुमचे सातच झालेत.

मला बाहेर काढलं ते एका म्हाताऱ्या फिटरने. तो म्हणाला, "साहेब, आधी चालती करा, मग देखणी." मग करपलेल्या रंगासकट, टाकीच्या जागी सलाइनची बाटली टांगून, सीटऐवजी पोतं बांधून ती गाडी जोडली. कितव्या किकला लागली ते आठवत नाही, पण आख्खं आवार निळ्या धुराने भरलं आणि वरच्या मजल्यावरच्या काकूंनी वाळत घातलेले कपडे काढले हे पक्कं आठवतं. त्या धुराच्या वासावर मी पुढची दोन वर्षं काढली. रंगावर दोन आठवडेही निघाले नव्हते.

आता तुमचा दुसरा प्रश्न आधी घेतो: विकू का? याचा निर्णय आज करूच नका, कारण आज त्याची गरज नाही. बावीस खोकी आणि एक सांगाडा विकायला काढलात तर येणारा माणूस वजनकाट्याकडे बघून बोलेल. तीच गाडी चार चाकांवर उभी, ब्रेक लागतोय, इंजिन चालू होतंय अशी दाखवलीत, रंग नसला तरी, तर समोरचा गाडीची किंमत बोलेल. म्हणजे ठेवायची असो की विकायची, पुढच्या सहा-आठ महिन्यांचं काम तेच आहे. ती चालती झाल्यावर मग हवं तर विका. तेव्हा विकावीशी वाटेल का, ते तुमचं तुम्ही बघा.

काम कुठून सुरू करायचं ते मात्र सविस्तर सांगतो, कारण माझ्या मते तुमची गाडी इथेच रुतली आहे.

पेंटरला उद्याच सांगा की रंग नको. रंग ठरत नाही म्हणून बॉडी आठ महिने तिकडे पडून आहे. म्हणजे गाडीचं सगळ्यात शेवटचं काम सगळ्यात पहिल्या कामाला अडवून बसलंय. बॉडी घरी आणा. पण आणण्याआधी एक गोष्ट तपासा. तुमची गाडी पुरातली आहे आणि या गाडीला वेगळी चासी, म्हणजे खालची लोखंडी चौकट, नसते, बॉडीचा पत्रा हीच चासी. दारांखालचे जे लांब पोकळ पत्रे आहेत, त्यांच्यावर गाडीचा कणा उभा असतो. पुराचा गाळ त्या पोकळीत जाऊन बसतो, वरून कोरडा दिसतो, पण प्रत्येक पावसाळ्यात हवेतला ओलावा धरून ठेवतो आणि पत्रा आतून खातो. बाहेरून पुट्टी घासून गुळगुळीत केलेला पत्रा आत चाळणी झालेला असू शकतो. पाणी निथळायची भोकं खालच्या बाजूला असतात. त्यांत तार घालून बघा. तपकिरी माती पडली तर प्रेशरच्या पाण्याने ती पोकळी स्वच्छ पाणी येईपर्यंत धुवा, चार दिवस उन्हात वाळवा, आणि मग आत मेणासारखं गंजरोधक फवारून घ्या. पत्रा बदलावा लागला तर दारं बसवलेली असतानाच बदलायला सांगा. दारं काढून खालचा पत्रा कापला की बॉडी केसभर बसते, आणि मग दार आयुष्यभर आपटूनच लावावं लागतं.

दुसरं, पेंटरने काय मारून ठेवलंय ते विचारा. नुसता सर्फेसर, म्हणजे रंगाआधी पत्रा सपाट करणारा थर, मारून बॉडी आठ महिने उघडी ठेवली असेल तर काळजीचं आहे. सर्फेसर सच्छिद्र असतो, त्यातून ओल पत्र्यापर्यंत पोचते. तो पत्र्यापर्यंत घासून काढायला सांगा आणि ओल अडवणाऱ्या इपॉक्सी प्रायमरचे दोन हात देऊन मगच बॉडी ताब्यात घ्या. राखाडी रंगाची, मॅट, कुरूप दिसेल. दिसू द्या.

मग चाकं आणि ब्रेक. पद्मिनीला चारही चाकांना ड्रम ब्रेक आहेत, त्यात न समजण्यासारखं काही नाही. व्हील सिलिंडरची रबरं, मास्टर सिलिंडरचं किट, नवे पाइप. हे सगळं गाडीच्या दिसण्यात शून्य भर घालतं आणि माणसाच्या मनात भरपूर. ज्या दिवशी तुम्ही ती शेडमधून ढकलत अंगणात आणाल आणि पायाने थांबवाल, त्या दिवशी ती पुन्हा गाडी होईल. ढकलायला मुलांना घ्या.

उद्यमनगरातला ब्लॉक. तिथे तेलइंजिनापासून काहीही बोअर करून, म्हणजे सिलिंडर आतून मापात कातून, देणारे कारागीर बसलेत, १०८९ सीसीचा छोटा ब्लॉक त्यांच्या हातचा मळ. अडलंय ते तुमच्याकडून, असा माझा अंदाज. पिस्टन हातात दिल्याशिवाय चांगला बोअरवाला मशिनला हात लावत नाही, कारण बोअर पिस्टनच्या मापाने करायचा असतो. पत्रात पिस्टन आणल्याचा उल्लेख नाही. तर आधी पिस्टन शोधा: मुंबईत ऑपेरा हाऊसच्या बाजूची स्पेअर पार्टची दुकानं आणि कुर्ल्याचा बाजार, पुण्यात नाना पेठ. 'पद्मिनी' म्हणून नाही मिळालं तर 'फियाट अकराशे डी' म्हणून विचारा. जुने दुकानदार तिला अजून फियाटच म्हणतात, आणि पद्मिनी म्हणजे १९६४ मध्ये आलेल्या त्याच गाडीचं पुढचं नाव. मात्र आळस करू नका. टॅक्सी होत्या तोवर हा माल हलत होता. २९ ऑक्टोबर २००३ ला ताडदेव आरटीओत नोंदलेली शेवटची पद्मिनी टॅक्सी वीस वर्षांची मुदत संपून २०२३ च्या ऑक्टोबरअखेर रस्त्यावरून गेली. ज्या मालाला रोजचं गिऱ्हाईक नाही तो दुकानदार फळीवर किती दिवस ठेवेल?

ब्लॉक परत आला की इंजिन लगेच गाडीत टाकायची घाई नको. जमिनीवर लोखंडी अँगलचा स्टँड करून तिथेच चालू करा. स्टार्टर गिअरबॉक्सच्या तोंडाशी बसतो, म्हणून गिअरबॉक्सही जोडावा लागेल. रेडिएटर, बॅटरी आणि पेट्रोलची बाटली लागेल. प्लग काढून आधी नुसतं फिरवा, ऑइलचं प्रेशर चढलेलं दिसू द्या, मग प्लग लावा. जागा उघडी हवी, वाळूची बादली हाताशी हवी, आणि विडीवाले मित्र लांब उभे हवेत. तो आवाज फोनवर टिपून ठेवा. दुसऱ्यांच्या चकाचक गाड्या बघण्याऐवजी रात्री तो ऐकत जा. त्या चकाचक गाडीवाल्यांनी मधली पाच वर्षं कापून दहा मिनिटं दाखवलेली असतात, एवढं लक्षात असू द्या.

मारुतीच्या इंजिनाचा सल्ला देणारा तुमचा मेकॅनिक वाईट माणूस नाही. त्याला रोज चालणारी गाडी कळते आणि ते इंजिन त्याला डोळे झाकून बसवता येतं. पण आपल्या आरसी बुकावर इंजिन नंबर आहे, इंजिन बदलायचं तर आरटीओची परवानगी लागते. शिवाय तुमची गाडी १९७९ ची. २०२१ च्या केंद्रीय नियमांप्रमाणे पहिल्या नोंदणीला पन्नास वर्षं झालेली, मूळ स्वरूपात जपलेली गाडी व्हिंटेज म्हणून नोंदता येते. नोंदणीची फी २०,००० रुपये, मुदत दहा वर्षं. पन्नाशीला थोडीच वर्षं उरली असताना तिचं काळीज बदलून तो दरवाजा बंद करू नका. अर्थात व्हिंटेज नोंदणी झाली की ती रोज बाजारात न्यायची गाडी राहत नाही, तेव्हा तसं करायचं की नाही ते पुढे ठरवा.

त्याआधी कागद बघा. पत्रात कागदांबद्दल एक अक्षर नाही आणि मला त्याचीच धास्ती वाटते. आरसी कुणाच्या नावावर आहे, तिचं नूतनीकरण कधी झालं होतं, मूळ पुस्तक पुरात गेलं का? पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी नूतनीकरण लागतं, आणि २०२५ पासून वीस वर्षांवरच्या मोटारीला त्यासाठी १०,००० रुपये पडतात. वर पर्यावरण कर आणि उशिराचा दंड वेगळा. चिपळूणचे मालक आज हयात आहेत, फोन उचलतायत, तोवर सह्या घेऊन ठेवा. हे काम करायला उत्साह लागत नाही, फक्त एक रजा लागते.

खोक्यांचं काय करायचं? सगळी एकदम उघडू नका, पुन्हा दडपून जाल. तुम्ही पत्रासोबत शेडचा जो फोटो पाठवलाय त्यात खोक्यांवर आकडे आहेत, नऊ नंबरवर मात्र 'इतर' लिहिलंय. इतर! गाडीतलं सगळ्यात महागडं खोकं तेच असतं. बाकी सगळी झाकून ठेवा आणि तेवढं एक जेवणाच्या टेबलावर नाही, ओट्यावर नाही, व्हरांड्यात वर्तमानपत्रावर ओता. प्रत्येक नट, प्रत्येक ब्रॅकेट कुठला ते ओळखा, पिशवीत घाला, चिठ्ठी लिहून पिशवीच्या आत टाका, बाहेर चिकटवू नका. चिकटपट्टी पहिल्या उन्हाळ्यात सुटते. काही वस्तू ओळखू येणार नाहीत. त्यांची वेगळी पिशवी करा आणि ती घेऊन एखाद्या जुन्या टॅक्सीवाल्याकडे जा. तुमच्या वडिलांबरोबरच्या माणसांपैकी गावी परतलेलं कुणी असेलच. पाटण, जावळी, कोरेगाव, सगळीकडे सापडतील. त्या माणसाच्या हातात दाराची काच फिरवायची ती दातेरी पट्टी ठेवा आणि तो काय बोलतो ते ऐका. पिशवी ओळखून मिळेल आणि वडिलांच्या रात्रपाळीच्या दोन गोष्टीही मिळतील, ज्या त्यांनी घरी सांगितल्या नसतील.

आता वहिनींबद्दल. त्यांचं वाक्य तुम्ही तक्रार म्हणून लिहिलंय, मला ते पत्रातलं सगळ्यात शहाणं वाक्य वाटलं. त्यांनी गाडीला नाव ठेवलेलं नाही, तुमच्या पडलेल्या तोंडाला ठेवलंय. सात महिने तुम्ही शेडमध्ये गेला नाहीत, म्हणजे ते सगळे रविवार घरी होतात, आणि तरी घरी नव्हतात. तेव्हा रविवार गाडीला देणं बंद करा. बुधवारी संध्याकाळी दोन तास, घड्याळ लावून. दोन तासांत एक कार्बोरेटर उघडून साफ करून जोडून होतो. नाहीच झालं तर त्यातल्या पेट्रोल सोडणाऱ्या जेटची भोकं फुंकून होतात. रविवार घराचा. आणि महिन्याला गाडीवर किती खर्च ते दोघांनी मिळून ठरवा, आकडा लहान चालेल, पण तो वहिनींना माहीत असू दे. माझ्या घरी यझदीवरून जी भांडणं झाली त्यातलं एकही गाडीवरून नव्हतं. सगळी लपवलेल्या बिलांवरून होती.

रंगाचा प्रश्न मी मुद्दाम मागे ठेवला. काळा-पिवळा हवासा वाटतो हे मला समजतं. पण खासगी नंबरची गाडी टॅक्सीच्या रंगात फिरवलीत तर पहिल्याच नाक्यावर थांबवतील, आणि आरसीवर रंगाची नोंद असते ती वेगळीच. शिवाय जरा विचार करा. तुमच्या वडिलांनी अठरा वर्षं काळी-पिवळी चालवली ती मालकाची होती. त्यांच्या मनातली स्वतःची गाडी काळी-पिवळी असेल का? आईला विचारून बघा. आई नसतील तर मोठ्या बहिणीला. कधीतरी एखादी गाडी बघून ते "ही घ्यायची" असं म्हणाले असतील आणि ती बहुतेक क्रीम किंवा फिकट निळी निघेल. घाई नाही, वर्षभर वेळ आहे. तोवर राखाडी.

मीटर गाडीला लावू नका. शोकेसमध्येच बरा आहे, झेंडी वर करून ठेवा. आणि नऊ नंबरच्या खोक्यात काय काय निघालं ते कळवा.